'सैराट'चा प्रेक्षक: नाचणारा आणि सुन्न होणारा

नागराज मंजुळे यांचा 'सैराट' २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला आणि महाराष्ट्रभरच्या चित्रपटगृहांत त्याला दोन ठळक प्रतिसाद मिळाले. 'झिंगाट' सुरू झाले की प्रेक्षक खुर्च्या सोडून पडद्यापुढच्या मोकळ्या जागेत नाचत. चित्रपट संपला की तेच प्रेक्षक एकमेकांशी फारसे न बोलता बाहेर पडत. शंभर कोटींची कमाई ओलांडणारा हा पहिला मराठी चित्रपट. त्याच्यावर झालेल्या चर्चेत या दोन प्रतिसादांची सर्रास दोन गटांत वाटणी झाली: नाचणारे उथळ, सुन्न होणारे गंभीर. गाणी गर्दीसाठी आणि शेवट जाणकारांसाठी, असा त्या वाटणीचा सूर होता.

ही वाटणी वरवरची आहे. नाचणारा आणि सुन्न होणारा हा एकच प्रेक्षक आहे आणि त्या दोन कृती मिळून एक प्रतिसाद होतो. पडद्यावरच्या प्रेमाला प्रेक्षक आधी अंगाने होकार देतो. शेवटी त्या होकाराचे काय झाले ते त्याला दिसते. आधीचा नाच नसता तर नंतरची शांतता एवढी खोल गेली नसती. हे म्हणणे चित्रपटाच्या रचनेवरून दाखवता येते. मराठी मुलखातल्या दाद देण्याच्या जुन्या रीतींवरूनही दाखवता येते, आणि त्यासाठी भिवंडी तालुक्यातला वज्रेश्वरीचा परिसर विशेष उपयोगाचा आहे. तिथे यात्रा, नवस आणि हळद या तिन्ही रीती जिवंत आहेत.

१. गाणी कुठे आहेत आणि कुठे नाहीत

अजय-अतुल यांनी 'सैराट'साठी चार गाणी केली: 'याड लागलं', 'आताच बया का बावरलं', 'सैराट झालं जी' आणि 'झिंगाट'. त्यांचा क्रम लक्षपूर्वक पाहिला पाहिजे. पहिले गाणे नायक पर्शाचे, एकट्याचे. दुसरे नायिका आर्चीचे, श्रेया घोषाल यांच्या आवाजातले. तिसरे दोघांचे, अजय गोगावले आणि चिन्मयी श्रीपदा यांनी गायलेले. चौथे सगळ्यांचे. एकवचनातून द्विवचनात आणि द्विवचनातून बहुवचनात जाणारी ही चढण आहे. चौथ्या गाण्यापर्यंत दोघांचे प्रेम इतके रुंद झालेले असते की त्यात मित्र येतात, गाव येते आणि अंधारात बसलेला प्रेक्षकही येतो. 'झिंगाट'च्या वेळी लोक उठतात त्याचे कारण ठेका आहे, हे अर्धेच खरे. त्याआधीच्या तीन गाण्यांनी त्यांना दारापर्यंत आणून सोडलेले असते, हे उरलेले अर्धे.

या गाण्यांचा वाद्यवृंद लॉस एंजेलिसमधल्या सोनी स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला. या गोष्टीचा उल्लेख नेहमी खर्चाच्या कौतुकासाठी होतो, तिचे खरे मोल मात्र निराळे आहे. करमाळा तालुक्यातल्या मासेमारी करणाऱ्या घरातला पोरगा विहिरीत उडी घेतो, आणि त्याच्यामागे पन्नासेक व्हायोलिनांचा गजर उठावा तसा सूर उठतो. असा थाट हिंदी चित्रपटाने आजवर राजवाड्यांतल्या आणि परदेशी बर्फावरच्या प्रेमाला दिला होता. उजनीच्या फुगवट्याच्या पाण्याला आणि उसाच्या फडाला तो पहिल्यांदा मिळाला. ग्रामीण प्रेक्षकाला इथे आपल्या भावनेचा आकार मोठा झालेला दिसला. त्या आकाराला उभे राहून दाद देण्यात उथळ काहीच नाही.

उत्तरार्धात एकही पूर्ण गाणे नाही. हैदराबादची झोपडपट्टी, पत्र्याची खोली, बाटल्यांच्या कारखान्यातले काम, डोशाची गाडी, संशय, भांडण, समेट, मूल. बहुवचनाचे पुन्हा द्विवचन होते, मग तिघे, आणि शेवटी एकटे मूल. अनेकांना हा भाग लांबलेला वाटला. 'गाणी संपली आणि सिनेमा रेंगाळला' ही तक्रार तेव्हा सर्रास ऐकू येई. तक्रारीतले निरीक्षण अचूक आहे, तिने काढलेला निष्कर्ष चुकीचा. संगीत काढून घेतल्यावर प्रेम कसे दिसते, ते दाखवायलाच हा भाग आहे. पूर्वार्धात प्रेक्षक जिथे नाचला होता, तिथे आता त्याला नुसते बसून राहावे लागते.

२. नाच कुणाच्या अंगणात

'झिंगाट' सुटे ऐकले की ते मस्तीचे गाणे वाटते. चित्रपटात ते पाटलांच्या घरी, आर्चीच्या भावाच्या म्हणजे प्रिन्सच्या वाढदिवसाला येते. पर्शा आणि त्याचे मित्र तिथे बेभान नाचतात. हे घर कुणाचे आहे ते प्रेक्षकाला ठाऊक असते. याच प्रिन्सने भर वर्गात आपल्या प्राध्यापकाच्या कानाखाली मारलेली असते आणि त्याच्या वडिलांनी ती गोष्ट हसण्यावारी नेलेली असते. त्या घराच्या अंगणात, त्या मुलाच्या वाढदिवसाला, त्याच्या बहिणीवर प्रेम करणारा पारधी समाजातला मुलगा नाचतो. गाण्यापुरते ते अंगण सगळ्यांचे होते, आणि त्याच रात्री प्रेम उघडे पडते.

म्हणून पडद्यापुढे नाचणारा प्रेक्षक सुट्या ठेक्यावर नाचत नव्हता. तो पाटलांच्या अंगणात नाचत होता. त्याने हे शब्दांत मांडले असते का, हा प्रश्न इथे गैरलागू आहे. माणूस जे अंगाने करतो ते सगळेच त्याला बोलून दाखवता येत नाही. पण आपण कुणाच्या बाजूने उभे राहिलो, हे उभे राहण्यातूनच ठरते. सभागृहात त्या तीन-चार मिनिटांत कुणी कुणाची जात विचारत नव्हते, हीसुद्धा त्या प्रसंगाची एक बाजू आहे.

३. अंगाने दिलेली दाद

नाचणारा प्रेक्षक गंभीर नसतो, हा समज मराठी परंपरेत कुठून आला याचा शोध घेण्यासारखा आहे. तो परंपरेतून आलेला नाही. वारकरी कीर्तनात टाळकरी पावले टाकत नाचतात, वारीत वयस्कर बायका फुगड्या घालतात, आणि त्यामुळे अभंगाचा अर्थ पातळ झाला असे कुणी म्हणत नाही. संगीत नाटकाच्या काळात बालगंधर्वांच्या पदाला वन्समोअर मागणारा प्रेक्षक पुढच्याच प्रवेशात डोळे पुसत असे. तमाशात तर हे रचनेतच बसवलेले आहे. गण, गौळण, बतावणी आणि मग वग. गौळणीला शिट्ट्या मारणारा, दौलतजादा करणारा माणूस उठून जात नाही. तोच वगाला बसतो. वगातली शोकांतिका त्याला भिडते, कारण आधीच्या तासाभरात तो फडाचा झालेला असतो. 'सैराट'ची मांडणी या घाटाला फार जवळची आहे, आणि त्याच्या प्रेक्षकाने जुन्या फडातल्या माणसासारखेच वागून ते ओळखले.

चित्रपटगृहात गप्प बसून पाहण्याची शिस्त त्या मानाने अलीकडची आहे आणि ती सर्वत्र रुजलेलीही नाही. १९७५ मध्ये 'जय संतोषी माँ' आला तेव्हा लोक चपला बाहेर काढून आत जात आणि पडद्यावरच्या देवीला नाणी-फुले वाहत. त्या वर्तनाला भाबडेपणा म्हणून बाजूला सारणे सोपे होते, आणि तसे झालेही. पण त्यातली मूळ गोष्ट महत्त्वाची आहे: पडद्यावर जे घडते आहे त्याला प्रेक्षकाकडून काही दिले गेले पाहिजे, ही भावना.

वज्रेश्वरीत या देण्याघेण्याला नवस म्हणतात. तानसेच्या काठावरचे हे देवस्थानच नवसातून उभे राहिले, असे परंपरा सांगते. वसईच्या मोहिमेत चिमाजी आप्पांनी देवीला नवस बोलला आणि १७३९ मध्ये किल्ला हाती आल्यावर मंदिर बांधले गेले. नवसाचे तत्त्व असे की शब्द आधी द्यायचा आणि फेडायचे मागाहून. चित्रपटाशी प्रेक्षकाचे जे नाते 'सैराट'ने जोडले ते या क्रमाचे आहे. नाच हे बोललेले, शांतता हे फेडलेले. चैत्र अमावास्येच्या यात्रेला येणारी गर्दी हा क्रम शिकवल्याशिवाय जाणते. २०१६ मध्ये ती अमावास्या ६ मे रोजी, म्हणजे चित्रपट लागल्यावर आठवडाभराने आली होती.

४. शांतता कशी तयार होते

शेवटच्या प्रसंगात आर्चीच्या माहेरची माणसे आईने पाठवलेल्या वस्तू घेऊन दारात येतात. मूल शेजारणीबरोबर बाहेर गेलेले असते. चहा होतो. हत्या दिसत नाही. मूल परत येते, आत जाते, आणि रडत बाहेर पडते तेव्हा त्याच्या पावलांचे लाल ठसे मागे उमटत जातात. या वेळी पडद्यावर कोणताही आवाज नसतो. संगीत नाही, किंकाळी नाही, मुलाचे रडणेसुद्धा नाही.

ही शांतता दिग्दर्शकाने दिलेली आहे, पण ती भरते प्रेक्षक. चित्रपटाने ज्याला पूर्वार्धभर सुरांवरून नेले त्याच्याकडून सूर काढून घेतले की रिकामी जागा त्याला जाणवते. जो नाचला त्याच्याकडून सर्वांत जास्त काढून घेतले जाते. हाताची घडी घालून बसलेल्या माणसालाही दुःख होतेच, पण ते पाहणाऱ्याचे दुःख असते. नाचलेल्या माणसाला आपण त्या अंगणात होतो हे आठवते.

मंजुळे यांच्या 'फँड्री'शी तुलना केली तर फरक कळतो. तिथे नायक जब्या शेवटी दगड भिरकावतो आणि तो थेट प्रेक्षकाच्या दिशेने येतो. तो प्रेक्षक आरोपीच्या पिंजऱ्यात होता, कारण त्याने पूर्वी हसून बघ्यांची बाजू घेतलेली होती. 'सैराट'मध्ये प्रेक्षकाने प्रेमिकांची बाजू घेतलेली असते. म्हणून इथे दगडाची गरज उरत नाही. 'फँड्री' मानाने गाजला आणि 'सैराट' घराघरांत गेला, यामागे हा फरक आहे. त्याला तडजोड म्हणणे अन्यायाचे होईल.

त्याच वर्षी अमेरिकेत आलेल्या 'ला ला लँड' या संगीतप्रधान प्रेमपटाचा शेवटही वियोगाचा आहे. दोघे वेगळे झालेले, ती प्रेक्षकांत बसलेली, तो पियानोवर जुनी धून वाजवतो आणि त्या धुनेबरोबर न जगलेले आयुष्य स्वप्नासारखे पडद्यावर उलगडते. तिथे संगीत परत येते आणि सांत्वन करते. प्रेक्षक डोळ्यांत पाणी घेऊन पण हलका होऊन उठतो. 'सैराट'ला हाच मार्ग मोकळा होता. 'याड लागलं'ची धून शेवटी एकदा वाजवली असती तर सभागृह हमसून रडले असते आणि मोकळे झाले असते. ती वाजवली नाही, यात या चित्रपटाची नैतिक ताकद आहे. ज्या मृत्यूला माणसे जबाबदार आहेत त्यावर सुरेल पांघरूण घालायला त्याने नकार दिला.

५. आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप असा की हा सगळा प्रसिद्धीचा परिणाम होता. गाणी आधी आली, लाट तयार झाली, लोक नाचायचे ठरवूनच गेले. यात तथ्य आहे. पण प्रसिद्धी माणसाला खुर्चीपर्यंत आणू शकते, शिट्टीही मारायला लावू शकते. त्याला गप्प करणे तिच्या हातात नसते. शिवाय लोक पुन्हा पुन्हा गेले. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरला मागणीमुळे मध्यरात्री बारा आणि पहाटे तीनचे खेळ लावावे लागले. दुसऱ्यांदा येणाऱ्याला शेवट ठाऊक होता. ठाऊक असूनही तो 'झिंगाट'ला उठला. त्या दुसऱ्या वेळच्या नाचाला नुसती मौज म्हणता येत नाही. पुढे काय होणार हे माहीत असताना दिलेला तो होकार होता.

दुसरा आक्षेप शांततेबद्दल आहे. ती विचाराची नसून निव्वळ धक्क्याची होती, अनपेक्षित रक्त पाहिल्याची होती, असे म्हटले जाते. धक्का होता हे खरे. पण हा प्रकार महाराष्ट्राला नवा नव्हता. चित्रपट लागण्याच्या दोन वर्षे आधी, २८ एप्रिल २०१४ रोजी, जामखेड तालुक्यातल्या खर्डा येथे एका दलित विद्यार्थ्याचा वरच्या जातीतल्या मुलीशी बोलल्याच्या संशयावरून खून झाला होता. खर्डा करमाळ्यापासून फार लांब नाही. ही बातमी लोकांनी वाचली होती आणि पान उलटले होते. चित्रपटाने नवी माहिती दिली नाही. वाचलेल्या बातमीतल्या माणसांबरोबर आधी नाचायला लावले, एवढाच फरक. तो पुरेसा ठरला.

तिसरा आक्षेप चित्रपटामुळे शाळकरी मुले बिघडतात आणि एका समाजाची बदनामी होते असा होता. जुलै २०१६ मध्ये कोपर्डीत एका मराठा मुलीवर अत्याचार करून तिची हत्या केल्याचा अमानुष गुन्हा घडला, त्यानंतर मराठा समाजाचे विराट मूक मोर्चे निघाले, आणि त्या संतापाच्या काळात 'सैराट'कडेही बोट दाखवले गेले. त्या गुन्ह्याचा आणि या चित्रपटाचा संबंध जोडणे निराधार होते. तरी या आक्षेपातून एक गोष्ट नकळत मान्य होते: हा चित्रपट नुसती करमणूक म्हणून कुणीच पाहिला नाही. विरोध करणाऱ्यांनाही तरुण पोरे कुणाच्या बाजूने नाचत आहेत ते नीट दिसले होते. बुलेट आणि ट्रॅक्टर चालवणारी, शिव्या देणारी, पहिले पाऊल स्वतः टाकणारी आर्ची मुलींना आवडली. आक्षेपाच्या मुळाशी बरीचशी तीच अस्वस्थता होती.

६. 'धडक'चा पुरावा

जुलै २०१८ मध्ये आलेला 'धडक' हा 'सैराट'चा हिंदी अवतार. संगीतकार तेच, 'झिंगाट'चा ठेकाही तोच. मूळ कारण ठेका असते तर प्रतिसाद सारखा यायला हवा होता. 'धडक'ला बऱ्यापैकी गल्ला मिळाला, पण शांत होऊन बाहेर पडणारी गर्दी त्याच्या वाट्याला आली नाही. कथा उदयपूरच्या देखण्या हवेल्यांत गेली, जात पुसट झाली आणि अंगण कुणाचे हा प्रश्न विरघळला. शेवटही बदलला: तिथे नवरा आणि मूल मारले जातात, नायिका जिवंत राहते. दुःख पाहायला पडद्यावरच एक माणूस ठेवल्यामुळे प्रेक्षकाला ते स्वतःवर घ्यावे लागत नाही. 'सैराट'मध्ये मागे उरलेल्या मुलाला काय झाले हे कळायचे वय नाही. कळण्याचे काम सभागृहावर येते.

७. हळदीतले 'झिंगाट'

सर्वांत वजनदार आक्षेप उरतो. गाणे चित्रपटातून सुटले. वज्रेश्वरी-गणेशपुरी पट्ट्यातल्या माणसाला मोठ्या पडद्यावर चित्रपट पाहायचा तर बहुधा भिवंडी किंवा विरार-वसई गाठावे लागते. जाऊन-येऊन संध्याकाळ मोडते. गाणे मात्र मांडवात चालत येते. आगरी-कुणबी लग्नांत हळदीची रात्र मोठी असते. धवलारीण जुने धवले म्हणते आणि तिचे झाले की बेंजो सुरू होतो. २०१६च्या उन्हाळ्यापासून त्या बेंजोवर 'झिंगाट' वाजले, आणि ते वाजले जातीत ठरलेल्या, भावकीने पसंत केलेल्या लग्नांत. ज्या घराने पोरीला जातीबाहेर जाऊ दिले नसते त्या घराच्या अंगणात तेच गाणे. मग त्या होकाराचा अर्थ काय राहिला?

या आक्षेपाचे उत्तर अर्धेच देता येते, आणि अर्ध्यावरच थांबणे प्रामाणिकपणाचे आहे. कलाकृतीला मिळालेला प्रतिसाद म्हणजे समाजसुधारणा नव्हे. सभागृहात एका रात्री दिलेला होकार सोयरिकीच्या बैठकीपर्यंत टिकेलच, असा दावा करता येणार नाही. पण हळदीतला नाच आणि सभागृहातला नाच या दोन वेगळ्या कृती आहेत, हे इथे उघड होते. सभागृहात गाण्यापूर्वी तीन गाण्यांची चढण असते आणि पुढे दीड तासाने आवाज बंद होतो. मांडवात गाण्याच्या आगेमागे दुसरी गाणी असतात. दाद देणारे अंग तेच, पण कथेने त्याला घातलेले बंधन तिथे नसते. उथळपणाचा आरोप करायचाच असेल तर तो कथेतून सुटलेल्या गाण्याच्या वापरावर करता येईल. ज्याने पूर्ण चित्रपट नाचून आणि बसून पाहिला त्या प्रेक्षकावर नाही.

दोन्ही ठिकाणी हजर असलेली माणसे या पट्ट्यात पुष्कळ आहेत. विरारला जाऊन चित्रपट पाहिलेली करवली हळदीत 'झिंगाट'वर नाचते तेव्हा तिला ते अंगण कुणाचे होते हे ठाऊक असते. तिच्याशेजारी नाचणाऱ्या चुलत्याने फक्त गाणे ऐकलेले असते. बेंजोवाला दोघांसाठी तेच वाजवतो, आणि ते संपता संपता पुढच्या गाण्याचा ठेका धरतो.